आजीची मांडी, बाळाची सीट आणि हजार रुपयांचा दंड

मुक्ता_मुलुंड (रविवार, रात्री १०:५०)

आज भर रस्त्यात अब्रू गेली म्हणा ना. बारशाला ऐरोलीला गेलो होतो. येताना पूल उतरून मुलुंडकडे आलो. तिथला टोल माफ झाल्यापासून गाड्या सुसाट असतात, आणि पुढे नाकाबंदी. नवऱ्याचा पट्टा लावलेला, माझा लावलेला, कागदपत्रं चोख. हवालदारांनी वाकून मागे बघितलं. मागे सासरे, सासूबाई आणि सासूबाईंच्या मांडीवर आमचा चौदा महिन्यांचा बोका, हातात आजीच्या गळ्यातली पोत. "आजी, बाळाची सीट कुठाय?" सासूबाई म्हणाल्या, "मी धरलंय ना त्याला घट्ट." हवालदार हसले. म्हणाले, "तुम्ही त्याला धरलंय हो, पण तुम्हाला कोणी धरलंय?"

दंड नाही केला. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा नाहीतर त्याची वेगळी सीट हवी, पुढच्या वेळी हजाराची पावती होईल, एवढं सांगून सोडलं. घरी आल्यापासून मात्र महाभारत चालू आहे. सासूबाईंचं म्हणणं, आजी शेजारी असताना पोराला खुर्चीला बांधायचं, ते काय जनावर आहे? नवऱ्याचं म्हणणं, आपली गाडी एवढीशी, मागे खुर्ची ठेवली तर आईबाबांना डिकीत घालू का?

तर प्रश्न असे: हा कायदा नक्की काय आहे? मुंबईत कोणी खरंच रोज वापरतं का असली सीट? आणि छोट्या गाडीत ती बसवून माणसं कशी बसवता?

"आमच्या काळी" वाले प्रतिसाद कृपया नकोत. (नकोत म्हटलं तरी येणार, माहीत आहे.)

कलमबहाद्दर (रविवार, रात्री ११:१५)

हवालदार बरोबर बोलले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४बी आलं, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू. पहिलं पोटकलम पट्टा न लावणाऱ्याचं. दुसरं मुलांचं: चौदा वर्षं पूर्ण न झालेलं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनाने सुरक्षित केलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. मांडीवर बसवणाऱ्या आजीला नाही, चालवणाऱ्याला. म्हणजे तुमच्या यजमानांना.

"किंवा" हा शब्द नीट वाचा. दहा वर्षांच्या मुलाला गाडीतलाच पट्टा लावला तरी कायद्याचं समाधान होतं. चौदा महिन्यांच्या बाळाला मोठ्यांचा पट्टा नीट बसतच नाही, तो गळ्यावर येतो. त्यामुळे तुमच्याकडे "किंवा"ची सोय नाही.

"नवा कायदा, नवा कायदा" म्हणून जे फिरतंय ते हेच आहे. कायदा जुना झाला, आपल्याला कळला आत्ता.

शिवाजी_पार्क_आजी (रविवार, रात्री ११:४०)

"आमच्या काळी" वाला प्रतिसाद घेऊन आले आहे. मुक्ता, राग मानू नकोस.

आमची फियाट होती. चार पोरं मागे, नणंदेची दोन त्यांच्या मांडीवर, आणि सगळ्यात धाकटा मागच्या काचेखालच्या फळीवर आडवा. अशा अवस्थेत लोणावळा, महाबळेश्वर, एकदा तर रत्नागिरी. घाटात इंजिन तापलं की बोनेट उघडून कडेला बसायचं, दशम्या खायच्या, पाणी घालायचं, पुढे निघायचं. पट्टा हा शब्द पँटला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

आता माझी नात तिच्या लेकीला त्या सीटमध्ये कोंबते. पोरगी लालबुंद होऊन रडते, आणि मी शेजारी बसून तिच्याकडे नुसतं बघायचं. आजीपणाचं सुख ते काय राहिलं?

खड्डेपुराण (सोमवार, सकाळी ८:०५)

आजी, +१.

आधी खड्डे बुजवा, मग आमची पोरं बांधा. माझा रोजचा रस्ता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. गाडी ताशी बाराने चालते. बाराच्या वेगात कसली धडक आणि कसली सीट? हा सगळा सीट विकणाऱ्यांचा धंदा आहे. आणि रिक्षाचं काय? रिक्षात पट्टा आहे? शाळेच्या व्हॅनमध्ये माझा मुलगा दप्तरावर दप्तर, त्यावर पोर असा जातो, तिथे हा कायदा झोपतो का?

नटबोल्ट (सोमवार, सकाळी ९:३०)

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, सीट विकत नाही, आधीच सांगतो.

बाराच्या वेगाचं मान्य. पण तुम्ही बाराने कायम चालत नाही. रविवारी सकाळी इस्टर्न फ्रीवेवर किती असता? अटल सेतूवर? तिथे मर्यादाच शंभरची आहे. मी शंभर धरत नाही, पन्नास धरू. ताशी पन्नासने जाणारी गाडी धाडकन थांबली, तर आत मोकळ्या असलेल्या माणसाची गत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यासारखी होते. शाळेतलं गणित आहे, कोणीही करून बघा, साधारण दहा मीटर येतात.

आता मांडीवरचं बाळ. वजन दहा किलो. पन्नासचा वेग सेकंदाच्या दहाव्या हिश्शात शून्यावर आला, तर त्या बाळाला धरून ठेवायला जवळपास १४० किलोचं ओझं पेलण्याइतका जोर लागतो. चौदा किलो नाही, एकशे चाळीस. सिमेंटच्या जवळजवळ तीन गोणी. आजींचं प्रेम कितीही असो, हात तेवढे नसतात. आणि आजींनी पट्टा लावलेला नसेल तर त्या स्वतः बाळाच्या अंगावर जातात. हवालदार जे म्हणाले ते मी कारखान्याच्या फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

अजून एक गोष्ट फार घरांत बघितली आहे: एकाच पट्ट्यात आई आणि मांडीवरचं बाळ दोघं. असं करू नका. धक्का बसला की आईचं सगळं वजन आणि पट्टा यांच्यामध्ये बाळ सापडतं.

शिवाजी पार्कच्या आजी, तुमची फियाट जुन्या घाटात तिसाने चढत होती. आज एक्सप्रेस-वेवर सपाटीला शंभर आणि घाटात साठ ही मर्यादा आहे, आणि ती पाळणाऱ्याला मागून हॉर्न मारतात. फियाटच्या फळीवरचा धाकटा सुखरूप राहिला त्यात त्या इंजिनाच्या तापण्याचाही वाटा आहे.

शिवाजी_पार्क_आजी (सोमवार, सकाळी १०:१०)

नटबोल्ट, बाळा, गणित कळलं. आता लिहिते ते खरं सांगते. धाकट्याच्या हनुवटीखाली तीन टाके आहेत. खंडाळ्याला ह्यांनी म्हशीसाठी ब्रेक मारला तेव्हाचे. खरचटलं नाही म्हणाले ते विसरून म्हणाले. इतकी वर्षं आम्ही ती गोष्ट म्हशीची म्हणून सांगत आलो, गाडीची म्हणून नाही.

मीटरडाऊन (सोमवार, दुपारी २:२०)

मी टॅक्सी चालवतो, लालबागचा. वाचतो नेहमी, लिहितो कमी.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरकडे सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबईत गाडीतल्या सगळ्यांनीच पट्टा लावायचा असा आदेश निघाला. माझ्या गाडीला मागे पट्टे होते, पण बकलं सीट कव्हरच्या खाली शिवलेली. दोन दिवस धंदा बुडवून कव्हर उसवलं, बकलं बाहेर काढली. पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हटलं, साहेब पट्टा लावा. साहेब म्हणाले, तू समोर बघून चालव.

आता बाळाची सीट. समजा मी घेतली. ठेवू कुठे? डिकीत सीएनजीची टाकी आहे. टाकीच्या पुढे उरलेल्या जागेत एक बॅग बसते, तीही गिऱ्हाइकाची. सीट मागे कायम बसवून ठेवली तर तीन पॅसेंजर कसे बसणार? केईएमच्या दारातून नवं बाळ घेऊन येणारी बाई मला आठवड्यातून एकदा तरी मिळते. टाके ओले, हातात बाळ, सोबत सासू आणि तीन पिशव्या. तिला मी सांगू की सीट आण मग बस? मी फक्त गाडी हळू चालवतो. कडेकडेने, तिसऱ्या गियरच्या वर नाही.

म्युनिकची_माहेरवाशीण (सोमवार, संध्याकाळी ६:००)

मीटरडाऊन दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

इकडे जर्मनीत बारा वर्षं किंवा १५० सेंटीमीटर उंची, जे आधी होईल तोपर्यंत मुलांची सीट लागते. माझी लेक नऊ वर्षांची, अजून बूस्टरवर (उंची वाढवणाऱ्या बैठकीवर) बसते आणि तिला त्यात काही वाटत नाही, कारण वर्गातल्या सगळ्याच तशा येतात. गंमत होते ती दर डिसेंबरात, आम्ही दादरला आलो की. टॅक्सीत बसली की ही सवयीने पट्टा शोधायला गादीच्या फटीत हात घालते. गेल्या खेपेला हाताला आलं काय? शेंगदाण्याची सालं, एक हेअरपिन आणि रुपयाचं नाणं. आईच्या घरी पोचेपर्यंत ती माझ्या दंडाला धरून बसली होती. माझे बाबा म्हणाले, "किती घाबरट केलंस गं हिला." मला उत्तर सुचलं नाही.

मात्र पहिल्या वर्षी मीही रडले होते. थंडीत, पार्किंगमध्ये, त्या सीटचं बकल लागेना म्हणून. तेव्हा इथल्यांना हे जन्मजात येतं असं नाही.

टेम्सकाठी (सोमवार, संध्याकाळी ६:४५)

इंग्लंडात १३५ सेंटीमीटर किंवा बारा वर्षं. पण टॅक्सीवाल्याकडे सीट नसेल तर तीन वर्षांखालचं मूल मागच्या सीटवर तसंच नेता येतं, कायद्यानेच सूट आहे. म्हणजे मीटरडाऊन यांची अडचण तिथेही कोणाला सुटलेली नाही, फक्त कागदावर लिहून ठेवली आहे.

कलमबहाद्दर (सोमवार, रात्री ९:२०)

केरळचं लक्षात आहे का? ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या परिवहन आयुक्तांनी जाहीर केलं: लहानग्यांना मागच्या सीटवर खास आसन, मोठ्या मुलांना उंची १३५ सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर, आणि डिसेंबरपासून दंड. एवढी ओरड झाली की मंत्र्यांनी लगेच सांगितलं, आत्ता दंडबिंड काही नाही. कलम सगळ्या देशाला एकच, ते तिथेही होतं आणि इथेही आहे. राबवायला गेलं की मागचं सीट गच्च भरलेलं दिसतं आणि हात आखडतो. त्या भरलेल्या सीटवर मतदारच बसलेले असतात.

शाळेच्या व्हॅनचा मुद्दा खड्डेपुराण यांनी काढला तो बरोबर आहे. महाराष्ट्राने स्कूलबससाठी २०११ मध्ये वेगळे नियम केले. तुमच्या मुलाची व्हॅन त्यात बसते का ते शाळेला लेखी विचारा, तोंडी नको.

स्कूटरवाला_कळवा (सोमवार, रात्री ९:५५)

तुम्ही सगळे चार चाकांवर भांडताय. आमच्याकडे स्कूटर आहे. पुढे उभी राहते ती माझी दोन वर्षांची मुलगी, आरसा धरून. नाक्यावरचे सगळे तिला हात करतात.

माझ्यासारख्यांसाठीही नियम आहे, कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडणारा पट्ट्यांचा जॅकेटवजा हार्नेस, आणि गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. हार्नेस ३० किलो पेलणारा हवा असंही त्यात आहे. मी घेतला. बायको म्हणते, पोरगी पाठीला दप्तरासारखी दिसते. पोरगीला पुढे उभं राहायचं असतं, ती पाठीत गुद्दे मारते. चाळीसचा प्रश्नच नाही, कळवा नाक्याला वीससुद्धा मिळत नाहीत. पण विटाव्याच्या पुलाखाली पाणी असतं तेव्हा घसरायला वीस पुरतात, हे मी स्वतः घसरून शिकलो. एकटा होतो तेव्हा. दुसऱ्या दिवशी हार्नेस मागवला.

हजार रुपये दंडाला लोक घाबरतात, मला तो घसरलेला आवाज आठवतो.

खड्डेपुराण (सोमवार, रात्री १०:३०)

स्कूटरवाला, तुमच्यापुढे माझा युक्तिवाद संपला. रस्त्यांचा राग मात्र कायम आहे, तो कोणी काढून घेऊ नये.

जुळ्यांची_आई (मंगळवार, दुपारी १२:१५)

मुक्ता, तुझ्या खऱ्या प्रश्नांची उत्तरं कोणीच दिली नाहीत. बोरिवलीहून, दोन सीटांची मालकीण:

आधी गाडीत मागे बस. पाठीची गादी आणि बसायची गादी यांच्या फटीत चार बोटं घाल. जाड तारेसारखी लोखंडी कडी लागली, एका सीटला दोन, तर ते आयसोफिक्स. सीटचे दोन दांडे त्यात खट्कन बसतात, हिरवी खूण दिसते. कडी नसेल तर गाडीच्या पट्ट्याने बसणारी सीट घे, तीही चालते, फक्त बसवताना सीटमध्ये स्वतःचा गुडघा रोवून पट्टा ओढायचा. बसवल्यावर तळाशी धरून हलव. एक इंचाहून जास्त हलली तर परत.

चौदा महिन्यांचा आहे ना? मग तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. सगळे म्हणतील पाय दुमडतात, दुमडू देत, त्याला मांडी घालून बसता येतं. बाळाची मान अजून कच्ची आणि डोकं जड, पुढे तोंड करून बसवलं तर सगळा झटका मानेवर. पाठमोरं असलं की तोच झटका पाठीच्या पूर्ण फळीवर वाटला जातो. आणि पाठमोरी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही नाही. एअरबॅग उघडली की थेट सीटच्या पाठीवर आपटते.

पट्टे आवळल्यावर खांद्यावर चिमटा काढून बघ. कापडाची चुणी चिमटीत आली तर सैल आहे.

मुंबईतले खास त्रास: उन्हात उभ्या गाडीत बकल तापतं, पोळतं. उतरताना त्यावर ओला पंचा टाकून ठेवते. घाम तर विचारूच नकोस, पाठ भिजली की आकाशपाताळ एक करतात, पातळ मलमलचं फडकं घाल. आणि बिस्किटं देऊ नकोस. ग्लुकोज बिस्किटाचा चुरा आणि लाळ यांचा जो सिमेंट होतो तो बकलात गेला की लागायचं थांबतं. मी टूथब्रशने काढला आहे, रात्री अकरा वाजता, पार्किंगच्या दिव्याखाली.

रडणं चार दिवस. पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली की झोपतात. माझ्या दोघांनी तीन दिवस घेतले, पण दोघं एकदम रडत होते म्हणून सहा धरायला हरकत नाही.

मला एक सीट अकरा हजारांना पडली. जुनी घ्यायची असेल तर ओळखीतल्याकडूनच, अपघातात सापडलेली नाही याची खात्री असेल तरच. धक्का खाल्लेली सीट बाहेरून धडधाकट दिसते.

नटबोल्ट (मंगळवार, दुपारी १:००)

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पुढेमागे गाडी बदलणार असाल तर भारत एनकॅपचे गुण बघा. गाडी धडकवून ती किती सुरक्षित आहे ते तपासणारी ही चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी असे वेगळे गुण असतात. शोरूममधला माणूस तारे दाखवतो, तुम्ही मुलांचे गुण विचारा. माझ्या समोर एका विक्रेत्याने उत्तरादाखल सनरूफ उघडून दाखवलं होतं.

मुक्ता_मुलुंड (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:१०)

धाग्याचं श्राद्ध घालायच्या आत अपडेट देते.

सीट आली. बोटं फटीत घातली, कडी मिळाली. (सोबत दोन चॉकलेटचे कागद आणि सासऱ्यांची हरवलेली लायब्ररीची पावती.) माणसांचं गणित असं सुटलं: सासरे पुढे, मागे डावीकडे सीट, उजवीकडे सासूबाई, मध्ये मी, एका कुल्ल्यावर. नवऱ्याने ठाण्यापर्यंत आरशात बघून बघून माझी मजा घेतली.

सासूबाईंनी आधी असहकार केला. मग मी काही बोलले नाही, फक्त नटबोल्ट आणि शिवाजी पार्कच्या आजींचे प्रतिसाद मोबाइलवर मोठं अक्षर करून दिले. म्हैस वाचून त्या बराच वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतलेली, सीटमध्ये घालायला, चार पदरी. आता त्यांना काय सांगू? पट्ट्याखाली जाड काही घालायचं नाही, धक्क्यात ते दबतं आणि पट्टा सैल पडतो, हे जुळ्यांच्या आईला वेगळं विचारून घेतलं होतं. सांगितलं. त्यांनी एक शब्द न बोलता सगळे टाके उसवले आणि एकपदरी फडकं केलं. उसवतानाचा तो कात्रीचा आवाज मी विसरणार नाही.

बोका तीन दिवस रडला. आता पट्टा लावायला गेलं की स्वतः हात वर करतो.

आज मात्र गाडी सर्व्हिसिंगला होती. डॉक्टरकडे रिक्षाने गेलो. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, पदराने गुंडाळलं, आणि रिक्षा सुरू झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता इथे कोण कोणाला धरणार, ते विचार तुझ्या हवालदाराला."

मी एक हात त्याच्या पोटावर ठेवला, दुसऱ्याने समोरचा दांडा धरला. रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, जरा हळू घ्या.

मीटरडाऊन (रविवार, सकाळी ७:००)

वहिनी, हळू घेतली का त्याने?

मुक्ता_मुलुंड (रविवार, सकाळी ७:२०)

सिग्नलपर्यंत घेतली.